परकीय पैसा आणि गावची निवडणूक

परकीय पैशाने निवडणुकीवर पडणाऱ्या प्रभावाची चर्चा निघाली म्हणजे आपल्या नजरेसमोर संसद, बडे राजकीय पक्ष आणि मुंबई-दिल्लीचे उद्योगपती उभे राहतात, आणि आपल्या पाड्यावरच्या पंचायतीचा या विषयाशी काही संबंध असेल अशी शंकाही मनास शिवत नाही. परंतु ज्या कायद्याने असा पैसा उमेदवारास निषिद्ध केला आहे, त्या परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० मध्ये विधानमंडळ कशास म्हणावे याचे जे विवरण दुसऱ्या कलमात दिले आहे, त्यात संसद आणि राज्यांची विधिमंडळे यांच्या जोडीला नगरपालिका आणि पंचायती यांचीही स्पष्ट शब्दांत गणना केलेली आहे. याचा अर्थ असा की पालघर लोकसभा मतदारसंघातील किंवा जव्हार व मोखाडा हे तालुके ज्यात मोडतात त्या विक्रमगड विधानसभा मतदारसंघातील उमेदवार या कायद्याने जितका बांधलेला आहे, तितकाच जव्हार नगरपरिषदेचा, मोखाडा नगरपंचायतीचा, पंचायत समितीचा, जिल्हा परिषदेचा आणि एखाद्या आडवळणाच्या ग्रामपंचायतीत सदस्यत्वासाठी अर्ज भरणारा उमेदवारही बांधलेला आहे. निवडून आल्यानंतरही हे बंधन सुटत नाही; सदस्य म्हणून तो त्याच मनाईखाली राहतो. आणि या मनाईचा भंग सिद्ध झाल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास, दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली आहे.

ही गोष्ट जव्हार-मोखाड्याच्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक ध्यानी घ्यावी असे मला वाटते, त्याचे कारण या मुलखाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. १९९२-९३ साली वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली, आणि तेव्हापासून कुपोषण, पाणी, आरोग्य, शिक्षण, शेती अशा नाना कामांसाठी सेवाभावी संस्थांचा राबता या दोन तालुक्यांत सुरू झाला. अशा संस्थांपैकी काहींचा खर्च देशातील देणग्यांतून चालतो, तर काहींना परदेशातून साहाय्य मिळते. आणि रीतसर नोंदणी करून, ठरलेल्या खात्यात घेऊन, ठरलेल्या कामी लावलेले हे साहाय्य पूर्णतः कायदेशीर आहे, इतकेच नव्हे तर उन्हाळ्यात दोन हंडे पाण्यासाठी डोंगर उतरणाऱ्या बायकांच्या दृष्टीने ते मोलाचेही आहे. परंतु गावात वर्षानुवर्षे राबून ज्याने लोकांचा विश्वास मिळविला, तोच कार्यकर्ता उद्या लोकांच्या आग्रहास्तव सरपंचपदासाठी उभा राहतो, हेही तितकेच स्वाभाविक आहे. आणि सेवेचा पैसा व निवडणुकीचा पैसा यांची गाठ पडण्याचा धोका येथेच उद्भवतो. ही गाठ बहुतेक वेळा लबाडीने पडत नाही, ती गैरसमजाने आणि गैरहिशेबाने पडते. म्हणून पुढील विवेचन दोषारोपासाठी नसून सावधगिरीसाठी आहे.

प्रथम कायद्याची पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत परकीय सत्तांचा पैसा वापरला गेल्याचे आरोप झाले, त्यांची चौकशी केंद्रीय गुप्तवार्ता विभागाकडून करविण्यात आली, आणि लोकसभेत या प्रश्नाला तोंड देण्याचा प्रसंग त्या वेळचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्यावर आला. त्या चौकशीचा अहवाल मात्र सरकारने प्रसिद्ध केला नाही. अखेर आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, पहिला परकीय अंशदान कायदा झाला व तो त्या वर्षीच्या ५ ऑगस्टपासून अमलात आला. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली, आणि हा नवा कायदा १ मे २०११ पासून लागू आहे. याशिवाय लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ यात २००३ साली घातलेल्या २९ ब या कलमाने राजकीय पक्षांना परकीय स्रोताकडून देणगी स्वीकारण्यास स्वतंत्रपणे मनाई केली आहे.

आता मनाईचे स्वरूप. तिसऱ्या कलमान्वये उमेदवार, विधानमंडळाचा सदस्य, राजकीय पक्ष व त्याचे पदाधिकारी, न्यायाधीश, लोकसेवक, तसेच वृत्तपत्रांचे संपादक, वार्ताहर, मालक इत्यादी इसमांस परकीय अंशदान घेता येत नाही. अंशदान म्हणजे केवळ रोकड नव्हे. वस्तू, रोखे आणि चलन ही सर्व त्यात येतात. परकीय स्रोत म्हणजे परकीय सरकार, परकीय कंपनी, परकीय न्यास, परकीय कामगार संघटना, आणि कोणतीही परकीय नागरिक असलेली व्यक्ती. या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट ही की पैसा अनेक हातांतून फिरून आला म्हणून त्याचे परकीयत्व नाहीसे होत नाही. मूळ परदेशी दात्याने ठाण्याच्या एका संस्थेस दिलेली रक्कम त्या संस्थेने जव्हारच्या एका कार्यकर्त्यास दिली आणि त्याने ती एखाद्या उमेदवाराच्या मंडपासाठी खर्च केली, तर तीन हात बदलूनही ती रक्कम परकीय अंशदानच राहते, आणि तिच्यावर बँकेत मिळालेले व्याजदेखील तसेच. शिवाय उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या वतीने असा पैसा स्वीकारणारा तिसरा इसमही दोषास पात्र ठरतो. ‘मी फक्त पोहोचवला’ ही कैफियत त्यास तारत नाही.

इतकी कडक भाषा वाचून एखादा प्रामाणिक मनुष्य घाबरून जाईल, म्हणून कायद्याने काय निषिद्ध केलेले नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. जव्हार तालुक्यातील रामखिंडच्या कारागिरांनी कागदाच्या लगद्याचे बोहाड्याचे मुखवटे बनवावेत, किंवा एखाद्या वारली चित्रकाराने कापडावर तारपा-नृत्य रेखाटावे, आणि ते परदेशातील एखाद्या ग्राहकाने विकत घ्यावे, हा शुद्ध व्यापार आहे. वस्तूची अथवा सेवेची व्यवहाराच्या रीतीने आलेली किंमत अंशदानात मोडत नाही. समजा, असा कारागीर पंचायतीस उभा राहिला आणि त्याच्या पासबुकात परदेशातून आलेली रक्कम दिसली, तर तेवढ्यावरून कोणी आक्षेप घेऊ शकत नाही, मात्र त्या नोंदीचा खुलासा करणारे कागद त्याच्यापाशी हवेत : बिलाची प्रत, त्यावर मालाचे वर्णन व किंमत, पार्सल पाठविल्याची पावती, आणि बँकेने रक्कम कोणत्या कारणाखाली जमा केली त्याचा दाखला. पासबुकात ३०,००० रुपये आले आणि बिल २०,००० चे आहे, अशी स्थिती असेल तर वरच्या १०,००० चा खुलासा काय, हा प्रश्न कोणीही विचारील, आणि ‘साहेबांनी खुशीने दिले’ हे उत्तर इतर वेळी चालून गेले तरी उमेदवाराच्या तोंडी ते घातक ठरेल. किंमत आणि बक्षीस यांतील हा फरक कारागिरांनी मनाशी पक्का ठेवावा. अर्ज भरण्याचा विचार ज्याच्या मनात आहे त्याने अशी जादा रक्कम नम्रपणे परत पाठवावी.

अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक इच्छुकाने आपल्या सर्व खात्यांची मागील सहा महिन्यांची पासबुके भरून आणून ती ओळीने वाचावीत, असे मी आग्रहाने सांगेन. याचे कारण एकविसाव्या कलमात आहे : नामनिर्देशनाच्या तारखेपूर्वीच्या १८० दिवसांत ज्या उमेदवाराने कोणतेही परकीय अंशदान घेतले असेल, त्याने त्याची रक्कम, स्रोत, ती कशी मिळाली आणि कशी खर्च झाली याची माहिती केंद्र सरकारास विहित मुदतीत कळविली पाहिजे. उमेदवारी जाहीर होण्यापूर्वी, म्हणजे मनाई लागू होण्यापूर्वी घेतलेली रक्कम सुद्धा अशा रीतीने उजेडात आणण्याची ही योजना आहे, आणि माझ्या मते साऱ्या कायद्यातील हे एक अत्यंत शहाणे कलम होय. परंतु गावपातळीवरच्या उमेदवारास ते ठाऊक असल्याचे क्वचितच आढळते, आणि अर्ज भरून देणारे वकील व लेखनिकही जातीचा दाखला, शौचालयाचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला यांच्या गडबडीत त्याची आठवण करून देत नाहीत.

परदेशी असलेल्या नातलगांचा प्रश्न यानंतर येतो. नातेवाइकाने पाठविलेल्या पैशास कायद्यात सूट आहे. मात्र परकीय नागरिक झालेल्या नातलगाकडून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांहून अधिक मिळाल्यास ते ३ महिन्यांच्या आत केंद्र सरकारास कळवावे लागते. २०२२ च्या जुलैपूर्वी ही मर्यादा १ लाख व मुदत ३० दिवसांची होती, त्यामुळे जुनी माहिती देणारे पुष्कळ कागद अद्याप फिरत आहेत, त्यांवर विसंबू नये. सूट असली तरी असा पैसा घरखर्चास, दवाखान्यास, मुलाच्या शिक्षणास लावावा आणि निवडणुकीच्या खात्याच्या आसपासही आणू नये, हा माझा सल्ला आहे. मित्र, जुने शिक्षक, गावात महिनाभर राहून गेलेले परदेशी पाहुणे हे कितीही जिव्हाळ्याचे असले तरी ते नातलग नव्हेत.

येथे परदेशस्थ मराठी कुटुंबांसही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मनुष्य कोठे राहतो यावर त्याचे परकीयत्व ठरत नाही, तो कोणत्या देशाचा नागरिक आहे यावर ठरते. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पारपत्र बाळगणारा मोखाड्याचा मुलगा आपल्या बचतीतून बँकेमार्फत गावच्या उमेदवारास देणगी देऊ शकतो; परंतु न्यू जर्सीत स्थायिक होऊन अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले काका, त्यांच्यापाशी परदेशस्थ भारतीय नागरिकाचे ओसीआय कार्ड असले तरी, या कायद्याच्या दृष्टीने परकीय आहेत आणि त्यांनी पक्षास अथवा परक्या उमेदवारास पैसा पाठवू नये. अमेरिकेचा कायदाही आपल्याकडे येणाऱ्या वाटेवर असाच पहारा ठेवतो : तेथे १९६६ पासून परकीयांच्या निवडणूक-देणग्यांवर बंधने आली, १९७४ मध्ये ती अधिक व्यापक झाली, आणि आज तेथील नागरिक किंवा कायम निवासाची परवानगी, म्हणजे ग्रीन कार्ड, असलेले लोकच तेथील निवडणुकीस पैसा देऊ शकतात. तेव्हा ग्रीन कार्ड असलेला भारतीय नागरिक दोन्हीकडे देऊ शकतो, आणि नागरिकत्व बदलताच त्याची एक वाट बंद होते.

संस्थांच्या कारभाऱ्यांसाठी माझे म्हणणे अधिक सविस्तर आहे, कारण चुकीचा फटका संस्थेस बसला तर त्याची झळ शेवटी पाड्यावरच्या मुलांना लागते. ज्या संस्थेकडे परकीय अंशदानाची नोंदणी आहे, तिची रक्कम २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रथम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. ती रक्कम दुसऱ्या संस्थेस वर्ग करण्यास पूर्ण मनाई आहे. आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आणली आहे. अशा संस्थेचा एखादा कार्यकर्ता निवडणुकीस उभा राहात असेल, तर केलेल्या कामाचा रीतसर पगार ही वेगळी बाब आहे. परंतु प्रचाराच्या काळात त्यास कामावरून रजा द्यावी, ती रजा हजेरीपत्रकात दाखवावी, धनादेशांवरील त्याचा सहीचा अधिकार काढून घेणारा ठराव कार्यकारी मंडळाने तारीखवार लिहून ठेवावा, आणि संस्थेची मोटार, भ्रमणध्वनी, सभागृह, ध्वनिक्षेपक, छपाईयंत्र यांपैकी काहीही त्याच्या हाती राहू नये. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेल्या कुटुंबांना मतदानासाठी आणायला संस्थेची जीप पाठविण्याचा मोह येथे हटकून होतो. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत उमेदवाराने मतदारांना केंद्रावर फुकट वाहनाने ने-आण करणे हा मुळातच भ्रष्ट आचार ठरतो. त्यात ती जीप परदेशी निधीतून घेतलेली असली तर एका फेरीत दोन कायदे मोडतात आणि जीप चालविणारा गरीब मुलगा पहिल्याने पकडला जातो.

पाण्याच्या टाकीवर परदेशी दात्याच्या नावाची पाटी असावी, आणि तिच्याच कट्ट्यावर उभे राहून ‘ही टाकी मी आणली’ असे उमेदवाराने सांगावे, यात कायद्याचा भंग आहे की नाही हे प्रत्येक प्रसंगाच्या तपशिलावर अवलंबून राहील. परंतु निवडणुकीचे स्वातंत्र्य व निःपक्षपातीपणा यांस बाधा येईल अशा रीतीने अंशदान वापरले जाऊ नये ही अट नोंदणी देतानाच तपासली जाते, हे संस्थेने विसरू नये. आचारसंहिता लागली की नव्या कामाचे उद्घाटन, वाटप आणि त्यांची छायाचित्रे निकाल लागेपर्यंत थांबवावीत. वाटप थांबविणे अशक्य असेल, जसे बालकांचा आहार, तर ते नेहमीच्या माणसांनी, नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी करावे आणि कोणत्याही उमेदवारास तेथे पाहुणा म्हणून बोलावू नये.

मात्र या भीतीने लोकांनी आपला आवाज बंद करावा असे मुळीच नाही. वनहक्काचे दावे, रोजगार हमीची थकलेली मजुरी, रेशन, दवाखान्यातील रिकामी पदे यांसाठी मोर्चा किंवा धरणे धरणाऱ्या संघटनेस सरसकट राजकीय स्वरूपाची ठरवून तिचा परकीय निधी बंद करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० रोजी इन्साफ या संस्थेच्या प्रकरणात दिला. सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध असल्याखेरीज केवळ बंद, हरताळ, रास्ता रोको यांच्या आधारावर तसा शिक्का मारणे न्यायालयाने अमान्य केले. ज्यांच्या आयुष्यात अर्जाला उत्तर मिळण्यासाठी तहसील कचेरीच्या दारात बसावे लागते, त्यांच्यासाठी हा निर्णय फार मोठा आधार आहे, आणि त्याची एक प्रत संस्थेच्या दफ्तरी असावी.

असे सर्व निर्बंध लहानांवर कसोशीने लागू होत असताना मोठ्यांच्या बाबतीत कायद्याचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यातील सेसा गोवा ही खाण कंपनी आणि स्टरलाइट या कंपन्यांनी काँग्रेस व भारतीय जनता पक्ष या दोन्ही पक्षांना देणग्या दिल्या होत्या. या कंपन्या भारतात नोंदलेल्या असल्या तरी त्यांचे निम्म्याहून अधिक भाग इंग्लंडमधील वेदांत कंपनीकडे असल्यामुळे ते परकीय अंशदानच होते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स आणि माजी सचिव ई. ए. एस. शर्मा यांच्या याचिकेवर २८ मार्च २०१४ रोजी दिला आणि सहा महिन्यांत कारवाई करण्यास सरकार व निवडणूक आयोगास फर्मावले. पुढे काय घडले? २०१६ च्या वित्त अधिनियमाने परकीय स्रोताची व्याख्याच बदलली, म्हणजे परकीय गुंतवणुकीच्या ठरलेल्या मर्यादेत असलेली कंपनी निम्म्याहून अधिक परकीय मालकीची असली तरी ती परकीय समजू नये असे ठरविले, आणि हा बदल २६ सप्टेंबर २०१० पासून पूर्वलक्षी केला. त्या जोरावर दोन्ही पक्षांनी सर्वोच्च न्यायालयातील आपली अपिले काढून घेतली. परंतु वादातील देणग्या त्याहूनही जुन्या असल्याने २०१८ च्या वित्त विधेयकात, जे लोकसभेत चर्चेविना संमत झाले, ती तारीख थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेण्यात आली. ज्या दिवशी पहिला कायदा अमलात आला, त्याच दिवसापासून त्यातून सुटका! निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली, आणि तो निकाल स्वागतार्हच होता. परंतु व्याख्येतील हे भगदाड त्या निकालाने बुजले नाही. सरपंचपदाच्या उमेदवारास परदेशी मित्राचे ५,००० रुपये घेता येत नाहीत आणि परकीय मालकीच्या कंपनीकडून राष्ट्रीय पक्षास कोट्यवधी घेता येतात, ही विषमता न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि मत मागण्यास येणाऱ्या खासदार-उमेदवारास त्याबद्दल भर सभेत विचारावे असे मी प्रत्येक मतदारास सुचवितो.

मतदारास विचारण्याखेरीज तपासताही येते. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराने नमुना २६ मध्ये करावयाच्या शपथपत्रात फेब्रुवारी २०१९ पासून परदेशातील मालमत्ता व ५ वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतील उत्पन्न दाखवावे लागते, आणि ही शपथपत्रे आयोग सर्वांसाठी खुली ठेवतो. उमेदवाराने निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडावयाचे असते. एका व्यक्तीकडून १०,००० रुपयांहून अधिक देणगी किंवा उसनवारी रोखीने घ्यावयाची नसते. आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, द्यावयाचा असतो. निवडणूक संचालन नियमांतील ८८ व्या नियमाप्रमाणे १ रुपया शुल्क भरून हा हिशेब कोणासही पाहता येतो. पंचायत, नगरपरिषद व जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत असल्याने त्या उमेदवारांचे हिशेब तालुक्याच्या कचेरीत विचारावेत. आणि परकीय निधी घेणाऱ्या संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत आपला लेखापरीक्षित हिशेब स्वतःच्या किंवा सरकारने ठरविलेल्या संकेतस्थळावर ठेवावयाचा असतो, तेव्हा गावात काम करणाऱ्या संस्थेकडे ग्रामसभेने तो सरळ मागावा. चांगली संस्था तो आनंदाने वाचून दाखवील.

तक्रार करण्याची वेळ आलीच तर ऐकीव गोष्टींवर ती करू नये. कोणी, केव्हा, किती रक्कम अथवा कोणती वस्तू, कोणाच्या हस्ते दिली आणि ती परकीय असल्याचे आपणास कशावरून वाटते, एवढा मजकूर साध्या कागदावर लिहून पावत्यांच्या प्रती किंवा छायाचित्रे सोबत जोडावीत. अर्जाची एक प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे देऊन आपल्या प्रतीवर पोहोच घ्यावी, आणि दुसरी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या परकीय अंशदान विभागाकडे, मेजर ध्यानचंद राष्ट्रीय क्रीडागार, नवी दिल्ली ११०००२ या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावी. टपालाची पावती अर्जाच्या प्रतीस टाचून ठेवावी.